मदतनिधीसाठी दुचाकीवरून दूरचा प्रवास : नवख्या स्वाराने नेमकी कशाची तयारी करावी?

सिंगापूरच्या उत्तर भागातील यिशुन हे उपनगर दुचाकीस्वारांच्या दृष्टीने मोक्याच्या ठिकाणी वसले आहे. येथून वुडलँड्सचा सीमानाका सुमारे दहा किलोमीटरवर आहे. नाका ओलांडला की एक किलोमीटरहून किंचित लांब असा, १९२४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला समुद्रसेतू लागतो आणि त्याच्या पलीकडे जोहोर बाहरू. तेथून सुरू होणारा मलेशियाचा उत्तर-दक्षिण द्रुतगती महामार्ग थेट थायलंडच्या सीमेपर्यंत ७७२ किलोमीटर जातो. पूर्व-पश्चिम जेमतेम ५० किलोमीटर लांबीच्या देशात राहणाऱ्या माणसाला हा रस्ता खुणावत राहतो, यात नवल नाही.

या ओढीला समाजकार्याची जोड मिळाली की ‘मदतनिधीसाठी मोटारसायकल प्रवास’ ही कल्पना जन्म घेते. जगभर ती आता रुळली आहे. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या अभिनेत्यांनी लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्क गाठले, तेव्हा वाटेत त्यांनी युनिसेफच्या बालकल्याण प्रकल्पांना भेटी दिल्या. २०१२ मध्ये सिडनीत सुरू झालेली ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ ही सुटाबुटातील स्वारांची फेरी आज अनेक देशांत निघते आणि पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी उभा करते. अशा बातम्या वाचून चाळिशीतील एखाद्या मराठी नोकरदाराला आपणही काही करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याने मोटारसायकलचा परवाना नुकताच काढलेला असेल, तर प्रश्न निराळा होतो.

हेल्मेट कोणते घ्यावे, सामान कसे बांधावे, गाडी किती सीसीची असावी, या प्रश्नांची चर्चा भरपूर होते. त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न सहसा मागे राहतो. लोकांकडून पैसे घेऊन, त्यांना शब्द देऊन निघालेला माणूस वाटेत परिस्थिती बिघडली तर मागे फिरू शकतो का? नवख्या स्वाराची सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती उभी राहायला हवी.

मदतफेरी आणि मोटारसायकल

मराठी माणसाला मदतफेरी नवी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीची भूमी हादरली. अशा प्रत्येक प्रसंगी गावोगावी, पेठापेठांतून माणसे चादरी धरून फिरली आणि दाराशी आलेल्यांना लोकांनी पैसे, धान्य, कपडे दिले. या फेऱ्यांत चालणाऱ्याच्या जिवाला धोका नव्हता. चार गल्ल्या कमी फिरल्या तरी मदतीला कमीपणा येत नव्हता.

मोटारसायकलच्या प्रवासात हे गणित बदलते. येथे लोक केवळ कारणासाठी नव्हे, तर स्वाराच्या धाडसालाही पैसे देतात. ‘पंधराशे किलोमीटर’ हा आकडा आवाहनाचा भाग बनतो आणि तोच पुढे स्वाराच्या मानगुटीवर बसतो. मुसळधार पावसात थांबावेसे वाटते. पण संध्याकाळी छायाचित्रे टाकायची असतात. ताप अंगात असतो; पण देणगीदारांना तारीख सांगितलेली असते. अनुभवी स्वार अशा वेळी सवयीने थांबतो. नवख्याला थांबण्याची सवय नसते, आणि आपण थांबलो तर लोक काय म्हणतील ही भीती मात्र असते.

धोका काल्पनिक नाही. सिंगापुरातील एकूण वाहनांत मोटारसायकलींचा वाटा सुमारे १५ टक्के आहे. तरीही रस्त्यावरील मृत्यूंपैकी साधारण निम्मे, आणि काही वर्षी त्याहून अधिक, मोटारसायकलस्वारांचे व त्यांच्या मागे बसणाऱ्यांचे असतात. काटेकोर नियम आणि उत्तम रस्ते असलेल्या देशातील ही स्थिती आहे. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला आणि त्यांत दुचाकीवरील लोकांचे प्रमाण ४४.५ टक्के होते.

परवान्याची शिडी

सिंगापुरातील परवान्याची रचना नवख्या स्वाराला सक्तीने सावकाश पुढे नेते. मोटारसायकल परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत. २बी वर्गात २०० सीसीपर्यंतच्या, २ए वर्गात २०१ ते ४०० सीसीपर्यंतच्या आणि वर्ग २ मध्ये त्याहून मोठ्या गाड्या येतात. खालच्या वर्गाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय वरच्या वर्गाकडे जाता येत नाही. म्हणजे आज शिकायला सुरुवात करणाऱ्याच्या हाती मोठी गाडी येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. भारतातील परवान्यावर येथे पहिले १२ महिनेच वाहन चालवता येते. त्यानंतर स्थानिक परवाना घ्यावा लागतो.

प्रशिक्षण मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावे लागते. यिशुनकरांना वुडलँड्सचे केंद्र जवळचे. सामान्य नियमांची आणि दुचाकीविषयक नियमांची अशा दोन लेखी परीक्षा असतात; प्रत्येकी ५० प्रश्नांपैकी ४५ बरोबर यावे लागतात. प्रात्यक्षिकात अरुंद फळीवरून तोल सांभाळत जाणे, खांबांमधून नागमोडी चालवणे, इंग्रजी आठच्या आकड्याचे वळण आणि अचानक ब्रेक लावून ठराविक अंतरात थांबणे हे सारे येते. परवाना मिळाल्यावर पहिले वर्ष परिवीक्षेचे असते. गाडीवर त्रिकोणी फलक लावावा लागतो आणि या काळात १३ किंवा अधिक दोषांक जमा झाले, तर परवाना रद्द होतो.

अनेकांना ही शिडी जाचक वाटते. वास्तविक मदतफेरीच्या तयारीसाठी याहून चांगले वेळापत्रक सापडणार नाही. परवाना मिळाल्याच्या दिवसापासून प्रवासाच्या दिवसापर्यंत किमान एक वर्ष जाऊ द्यावे. जे कौशल्य परीक्षेपुरते घोटले, ते या वर्षात हाता-पायांत मुरते. क्लच, गिअर आणि ब्रेक यांचा विचार करावा लागत नाही, तेव्हा कुठे मन समोरच्या रस्त्यासाठी मोकळे होते.

गाडी लहान असली तरी चालेल, निगा हवी

सिंगापुरात गाडी घेणे खर्चाचे आहे. मोटारसायकलसाठीही वाहन बाळगण्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो. तो दहा वर्षे टिकतो आणि २०२२ च्या अखेरीस केवळ त्या हक्काचीच किंमत तेरा हजार सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. त्यामुळे नवखा स्वार बहुधा २०० सीसीच्या आतील, कित्येकदा वापरलेल्या गाडीवरच असतो. यात कमीपणा नाही. यिशुनच्या गाळ्यांखाली उभ्या असलेल्या दुचाकींत पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम ड्यूक २०० दिसते. पुणे-कोल्हापूर मार्गावर या ताकदीच्या गाड्या रोज धावतात. मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्याने जाण्यास त्या पुरेशा आहेत.

मर्यादा मात्र ओळखायला हवी. महामार्गावर वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर असली, तरी सामान लादलेली लहान गाडी त्या वेगाला थरथरते, ओव्हरटेक करायला तिच्याजवळ जोर उरत नाही आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने ती हलते. डाव्या मार्गिकेतून ताशी ८० ते ९० च्या वेगाने जाणे शहाणपणाचे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचे अंतर राखायचे तर ५० मीटर मोकळे हवेत. पावसात त्याच्या दुप्पट. ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग ६० वरून ९० झाला, तर दीडपट नव्हे, सव्वादोनपट अंतर लागते.

निगेच्या बाबतीत मदतकार्याच्याच इतिहासातील एक धडा उपयोगी पडतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश पत्रकार बॅरी कोलमन आणि मोटारसायकल शर्यतपटू रँडी ममोला सोमालियात गेले. शर्यतींच्या मैदानावर जमवलेल्या निधीचे काय झाले, हे त्यांना पाहायचे होते. तेथे आरोग्यसेवेसाठी दिलेली वाहने किरकोळ देखभालीअभावी पडून राहिलेली त्यांना दिसली. त्यातून पुढे ‘रायडर्स फॉर हेल्थ’ ही संस्था उभी राहिली. आरोग्यसेवकांना मोटारसायकली चालवायला आणि रोज तपासायला शिकवणे हे तिचे मुख्य काम. चांगला हेतू चेनला तेल घालत नाही, हा या कहाणीचा सारांश.

रोज सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटे द्यावीत. टायर थंड असताना हवा तपासावी; सामानासह किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चेनचा ताण पाहावा आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर, तसेच प्रत्येक मोठ्या पावसानंतर, तिला वंगण द्यावे. ब्रेक पॅड, इंजिन ऑइल, दिवे, आरसे, क्लचची केबल यांवर नजर फिरवावी. मोठी सर्व्हिसिंग प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नये. दोन आठवडे आधी करून घ्यावी, म्हणजे काही सैल राहिले असेल तर घराजवळच कळते. नवे टायरही शंभर-दोनशे किलोमीटर चालवूनच प्रवासाला न्यावेत. सामानातील जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असाव्यात. पाठीवर जड पिशवी घेणे टाळावे, कारण तिसऱ्या तासाला तिचे वजन खांद्यांना कळू लागते.

बेटावर शिकता येत नाही ते

सिंगापुरात शिकलेल्या स्वाराला नियम उत्तम येतात. त्याला दोन गोष्टींची ओळख नसते. पहिली म्हणजे थकवा. या देशात एका दिशेने सलग दोन तास गाडी चालवण्याइतका रस्ताच नाही. दुसरी म्हणजे अनपेक्षितता. येथे रस्त्यात खड्डा, वाळू, कुत्रे किंवा उलट दिशेने येणारी दुचाकी क्वचितच भेटते. सीमेपलीकडच्या गावरस्त्यांवर यांतले काहीही भेटू शकते.

म्हणून सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा. पहिले काही महिने पहाटे यिशुन धरणाचा रस्ता, मंडाई रोड, लिम चू कांगचा निवांत भाग आणि नंतर द्रुतगती मार्ग पुरेत. दुसऱ्या टप्प्यात जोहोर बाहरूपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कोटा तिंगीपर्यंत जाऊन दुपारपर्यंत परत यावे. तिसऱ्या टप्प्यात पूर्व किनाऱ्यावरचे मर्सिंग गाठावे. जाऊन-येऊन ही फेरी ३०० किलोमीटरच्या आसपास होते. चौथ्या टप्प्यात संपूर्ण सामान लादून मलाक्काला एक मुक्काम करावा. ही रंगीत तालीम होय. या फेरीतून परतल्यावर निम्मे सामान अनावश्यक होते असे बहुतेकांच्या ध्यानात येते.

थकव्याची लक्षणे ओळखणे हा सरावाचा खरा हेतू आहे. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, वेग नकळत कमी-जास्त होतो, मान आखडते, आरशात पाहणे राहून जाते. यांपैकी काहीही जाणवले की पुढच्या विश्रांतिस्थळी थांबावे. महामार्गावर ठराविक अंतरांवर स्वच्छतागृहे, उपाहारगृहे आणि बसण्याची सोय असलेली ‘आर अँड आर’ स्थाने आहेत. दर दीड तासाने उतरणे, पाणी पिणे आणि दहा मिनिटे चालणे हा नियम थकवा जाणवण्याआधीच पाळावा. उष्ण दमट हवेत घाम वाऱ्याने सुकत राहतो आणि शरीरातील पाणी कमी झाल्याचे कळत नाही.

पावसाचा अंदाज घेऊनच महिना ठरवावा. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, विशेषतः नोव्हेंबर ते जानेवारी, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि पूर येतात. पश्चिम किनारा त्या मानाने सुसह्य असला, तरी दुपारच्या वळवासारख्या सरी वर्षभर येतात. अनेक स्वार अशा वेळी पुलाखाली, रस्त्याच्या कडेच्या पट्टीत थांबतात. मागून येणाऱ्या वाहनाला पावसात ते दिसत नाहीत. दुचाकींसाठी बांधलेला निवारा किंवा विश्रांतिस्थळ असेल तेथेच थांबावे.

पोशाखाविषयी एवढेच सांगणे पुरे : मान्यताप्राप्त हेल्मेट, खांदे-कोपरांना कवच असलेले जाळीदार जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि चटकन उठून दिसणाऱ्या रंगाचा रेनकोट. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले, तरी पुन्हा वापरू नये. उकाड्यामुळे जॅकेट काढून सामानावर बांधण्याचा मोह होतो. डांबरावर घसरणाऱ्या कातडीला उकाड्याचे कारण सांगून उपयोग नसतो.

कागदपत्रे आणि विम्याची रेघ

सिंगापूरचा परवाना मलेशिया आणि थायलंडमध्ये चालतो. आग्नेय आशियाई देशांनी १९८५ मध्ये परस्परांचे परवाने मान्य करण्याचा करार केला आहे. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याने व्हिसाचे आणि प्रवेशापूर्वी भरायच्या ऑनलाइन अर्जाचे चालू नियम दोन्ही देशांसाठी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावेत, कारण अलीकडच्या वर्षांत ते वारंवार बदलले आहेत. मलेशियात मोटारसायकलींना द्रुतगती महामार्गांवर टोल नाही. मात्र परदेशी क्रमांकाच्या वाहनांना तेथील अनुदानित ‘रॉन ९५’ पेट्रोल भरता येत नाही. ‘रॉन ९७’ घ्यावे लागते. पंपावरची ही चूक कायद्याची चूक ठरते.

सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे विम्याची पॉलिसी. सिंगापुरातील वाहनविम्याचे संरक्षण साधारणपणे सिंगापूर, पश्चिम मलेशिया आणि थायलंडच्या सीमेपासून ८० किलोमीटरपर्यंतचा थाई प्रदेश एवढेच असते. हातयाई शहर या रेघेच्या आत येते. फुकेत किंवा बँकॉक येत नाही. थायलंडमध्ये शिरताना गाडीच्या तात्पुरत्या आयातीचा कागद आणि तेथील सक्तीचा विमा निराळा घ्यावा लागतो. गाडीच्या विम्याव्यतिरिक्त स्वत:साठी प्रवासविमा असावा, आणि त्यात मोटारसायकल चालवताना झालेली इजा वगळलेली नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. कित्येक पॉलिसी ती वगळतात किंवा सीसीची मर्यादा घालतात. प्रवास निधिसंकलनासाठी आहे, हेही विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर घ्यावे.

हेल्मेटच्या मागे किंवा जॅकेटच्या खिशात रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्यांचा दूरध्वनी असलेले कार्ड ठेवावे. सिंगापुरात रुग्णवाहिकेसाठी ९९५, मलेशियात ९९९ आणि थायलंडमध्ये १६६९ हे क्रमांक फोनमध्ये नव्हे, तोंडपाठ असावेत.

पैशाचा रस्ता आधी आखावा

परदेशस्थ मराठी माणसाच्या मनात बहुधा गावाकडची शाळा, तालुक्याचे रुग्णालय किंवा दुष्काळी भागातील काम असते. येथेच अनेकांची अडचण होते. सिंगापुरात परदेशातील धर्मादाय कार्यासाठी जनतेला सार्वजनिक आवाहन करून पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय आयुक्तांचा परवाना आधी घ्यावा लागतो. सर्वसाधारण दंडक असा, की जमलेल्या निव्वळ निधीपैकी किमान ८० टक्के रक्कम सिंगापुरातच वापरली जावी. मोठ्या आपत्तींच्या वेळी यातून सूट दिली गेली आहे. पण ती गृहीत धरता येत नाही. रस्त्यावर किंवा दारोदार पेटी फिरवण्यासाठीही परवाना लागतो. चादर धरून निघण्याची आपली जुनी रीत येथे परवानगीशिवाय चालत नाही.

भारतातील बाजूही समजून घ्यावी. परदेशी योगदान विनियमन कायदा २०१० नुसार, परकीय देणगी स्वीकारायची असेल तर संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशिष्ट खात्यातच जमा व्हावा लागतो. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वत:च्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान मानली जात नाही. सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाने, तो ओसीआय कार्डधारक असला तरी, दिलेली देणगी मात्र परकीय ठरते. मित्रमंडळींत दोन्ही प्रकारचे लोक असतात. सर्वांचे पैसे एका स्वाराच्या खात्यात गोळा करून तेथून गावच्या संस्थेला पाठवणे म्हणूनच धोक्याचे आहे. हेतू निर्मळ असूनही संस्थेची नोंदणी अडचणीत येऊ शकते.

सोपा आणि स्वच्छ मार्ग असा, की स्वाराने पैशाला हातच लावू नये. स्थानिक कार्यासाठी ‘गिव्हिंग डॉट एसजी’ या व्यासपीठावर नोंदणीकृत संस्थेच्या नावे मोहीम उघडता येते. पैसे थेट संस्थेकडे जातात आणि पात्र संस्थांना दिलेल्या देणगीवर देणगीदाराला करसवलतही मिळते. संस्थेशी बोलून तिची लेखी संमती आधी घ्यावी. तिचे नाव आणि बोधचिन्ह परस्पर वापरू नये.

आणि एक साधा प्रश्न प्रत्येक देणगीदाराच्या मनात असतो, जो तो सहसा विचारत नाही : माझ्या पैशाने याची सहल तर होत नाही ना? त्याचे उत्तर पहिल्याच निवेदनात द्यावे. पेट्रोल, मुक्काम, जेवण, विमा आणि गाडीची दुरुस्ती हा खर्च स्वार स्वत: करील, देणगीतील एकही डॉलर त्यासाठी वापरला जाणार नाही. हे जमणार नसेल, तर प्रवास लांबवावा किंवा लहान करावा. ज्याला प्रवासाचा खर्च झेपत नाही, त्याने तेवढीच रक्कम थेट संस्थेला देणे हे अधिक मोठे दान आहे.

मायदेशापर्यंत गाडीने?

‘यिशुन ते पुणे’ असे स्वप्न काहींना पडते. नवख्याने ते सध्या बाजूला ठेवावे. जमिनीवरून भारतात येण्याचा मार्ग म्यानमारमधून जातो आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील परिस्थिती प्रवासाला अनुकूल राहिलेली नाही. शिवाय परदेशी क्रमांकाची गाडी भारतात तात्पुरती आणण्यासाठी ‘कारने’ नावाचे सीमाशुल्क हमीपत्र लागते आणि त्यासाठी मोठी रक्कम अडकून राहते. गावाकडच्या कामासाठीच फिरायचे असेल, तर सिंगापूरच्या वाहनचालक संघटनेकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन महाराष्ट्रात स्थानिक गाडीवर फेरी काढणे व्यवहार्य आहे. मात्र बेटावर शिकलेल्या हातांनी पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट पहिल्याच आठवड्यात चढू नये.

मागे फिरण्याचे निकष

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. समजा, यिशुनमधील एका स्वाराने पेनांगला जाऊन यायचे ठरवले. अंतर एका बाजूने सुमारे ७०० किलोमीटर. पहिला मुक्काम मलाक्का, दुसरा क्वालालंपूर, तिसरा इपोह, चौथा पेनांग. कोणताही दिवस २५० किलोमीटरच्या पुढे जात नाही. पेनांगला एक पूर्ण दिवस विश्रांती आणि परतीच्या वाटेवर एक दिवस राखीव. असा दहा दिवसांचा आराखडा नवख्याला झेपतो.

या आराखड्यासोबत आणखी एक कागद हवा, आणि तो घरात, शांत डोक्याने, निघण्याच्या किमान महिनाभर आधी लिहावा. मुसळधार पावसात तासभर वाट पाहूनही सर ओसरली नाही, तर त्या दिवशी पुढे जायचे नाही. सूर्यास्तानंतर चालवायचे नाही. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, तर सकाळी निघायचे नाही. ताप, चक्कर किंवा पडल्यानंतरची डोकेदुखी असेल, तर फेरी तेथेच संपवायची. ब्रेक किंवा टायरविषयी शंका असेल, तर गॅरेजचा शब्द अंतिम मानायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे : घरातील एका व्यक्तीला थांब म्हणण्याचा अधिकार द्यायचा. रोज रात्री तिच्याशी बोलायचे आणि तिने आवाजातून थकवा ओळखला, तर वाद न घालता दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यायची.

हा कागद देणगीदारांनाही दाखवावा. आवाहनाचे शब्दही त्यानुसार निवडावेत. ‘मी दहा दिवसांत पंधराशे किलोमीटर पूर्ण करीन’ असे वचन देण्याऐवजी ‘या संस्थेसाठी निधी जमवत आहे, प्रवास सुरक्षित असेल तेवढाच होईल आणि तो कोठेही थांबला तरी आपली देणगी पूर्णपणे संस्थेला पोहोचेल’ असे सांगावे. प्रति किलोमीटर देणगीची पद्धत काही ठिकाणी लोकप्रिय आहे; नवख्या स्वाराने ती स्वीकारू नये. ज्या रचनेत थांबल्याने संस्थेचे पैसे कमी होतात, ती रचना स्वाराला पावसात पुढे ढकलते. निधिसंकलनाची मुदतही प्रवास सुरू होण्यापूर्वी संपली, तर उत्तम. मग रस्त्यावर असताना स्वाराला कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचे उरत नाही.

अशा फेरीने फार मोठी रक्कम उभी राहील, असे नाही. तिचा खरा लाभ निराळा असतो. एका माणसाने वर्षभर शिस्तीने तयारी केली, स्वत:च्या खर्चाने प्रवास केला, पैसे जसेच्या तसे पोहोचवले आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर मांडला, हे पाहून पुढच्या वेळी देणारे हात वाढतात. उलट अपघाताची एक बातमी संस्थेला, कुटुंबाला आणि त्या कारणालाही दीर्घकाळ बोचत राहते.

मलाक्काच्या अलीकडे एखाद्या दुपारी आभाळ काळेभोर होईल आणि स्वार विश्रांतिस्थळी चहाचा पेला घेऊन बसलेला असेल. पाऊस थांबणार नाही असे दिसल्यावर तो घरी दूरध्वनी करील, मुक्काम तेथेच ठरवील किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचे तोंड यिशुनकडे वळवील. त्या क्षणी त्याला संकोच वाटला नाही, तर त्याची तयारी पुरी झाली होती असे समजावे.